गूळ खाल्लेला सचिव

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळला पाहुण्यांचा तोटा नव्हता. दिल्लीचे येत, मुंबईचे येत, कमिट्या येत, कॅमेरेवाले येत. बसस्टँडजवळच्या लॉजवाल्यांनी तर त्याच काळात वरचे मजले चढवले. आलेला प्रत्येक जण विचारायचा, पाहायचा, हळहळायचा आणि संध्याकाळच्या आत नागपूरचं विमान गाठायला निघायचा. मग मुंबईत बसून कुणीतरी नियम करायचं. नियमात काय असावं हे ज्यांना पक्कं ठाऊक, त्या आर्णी, महागाव, मुकुटबनकडच्या बारक्या संस्थांना कुणी विचारत नव्हतं, आणि त्यांनाही आपण होऊन सांगता येत नव्हतं.

कुंदाला याच गोष्टीचा राग होता. आता ती सत्तरीला टेकली आहे, घरात एकटी असते. पण दोन हजार सहा-सातचा विषय निघाला की तिचा आवाज अजून चढतो आणि लगेच मऊ पडतो. चढतो तो सरकारच्या आठवणीनं. मऊ पडतो तो नंदकिशोरच्या, म्हणजे नवऱ्याच्या आठवणीनं. तो जाऊन आता काही वर्षं झाली.

माहेर वकिलांचं, सासर कारकुनांचं. त्यामुळे भांडायचं कसं आणि कागद हलतो कसा, या दोन्ही गोष्टी तिच्या घरातल्याच होत्या. शाळेतली नोकरी सोडून तिनं पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीनं जिल्ह्यातल्या संस्थांसाठी वर्ग काढला. राज्याच्या धोरणात आपलं म्हणणं कसं शिरवायचं, याचा वर्ग. पुणेकर त्याला जनवकिली म्हणायचे. गावाकडची माणसं नुसतं ‘कुंदाताईचा क्लास’ म्हणायची आणि शनिवार-रविवार एसटीनं यायची. जागा वाचनालयाच्या मागच्या हॉलची. पंखा एक, आलुबोंडे भरपूर.

पहिल्या दिवशी सगळे आपापल्या जाडजूड फायली घेऊन आले होते. त्यात होती निवेदनं. निवेदन द्यायचं, देताना फोटो काढायचा, फोटो पेपरात आला की कात्रण फायलीत लावायचं, आणि पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच निवेदन पुन्हा द्यायचं, हा सगळ्यांचा नेम. कुंदानं त्या फायली एका कोपऱ्यात रचायला लावल्या. म्हणाली, हे देवळात नारळ ठेवून घरी येणं झालं. नारळ ठेवला की पुढचं देव बघतो, सरकार बघत नाही. मग ती शिकवायला लागली. कुठला नियम जिल्ह्यात होतो आणि कुठला मुंबईत, मंत्री सही करतो पण टिपणी कोण लिहितं, बजेट कोणत्या महिन्यात शिजतं, कुठल्या आमदाराला प्रश्न विचारायला लावायचा, आणि समोर साहेब बसला की दहा गाऱ्हाणी न सांगता एकच गोष्ट कशी मागायची. बोलताना ती टेबलावर हात आपटायची. पुढच्या रांगेतली माणसं हळूहळू मागं सरकून बसू लागली.

वर्गाला न चुकता येणारी मंडळी म्हणजे आर्णीकडच्या धावजी नाईक तांड्याची. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, पूनमसिंग, त्यांची बायको सुखीबाई आणि सून वर्षा. तांडा बंजाऱ्यांचा. पूर्वी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं कधीच शेतीला लागली होती. मागणं मांडणारं होतं तांड्यातल्या बायकांचं मंडळ. पूनमसिंग आपले ‘बायांच्या सोबतीला’ म्हणून पहिल्या दिवशी आले आणि मग त्यांनाच त्याची गोडी लागली. पांढरा पटका, खांद्याला पिशवी, पिशवीत गूळ आणि शेंगदाणे.

त्यांचं मागणं साधं होतं. तांड्याला स्वतःची अंगणवाडी हवी होती. अंगणवाडी होती, पण मुख्य गावात, नाल्याच्या पलीकडे. चार वर्षांचं लेकरू नाला ओलांडून जाणार कसं? म्हणून वेचणीच्या दिवसांत बायका लेकरं शेतात न्यायच्या आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीला झोळी बांधून ठेवायच्या. आदल्या हंगामात वर्षाच्या पोरानं, शामनं, धुऱ्यावर पडलेलं फवारणीच्या डब्याचं झाकण तोंडात घातलं. जीव वाचला, पण पोरगं दवाखान्यातून आलं ते वाळून. तेव्हापासून वर्षा कापूस वेचायची ती मान मागं वळवून वळवून. जिल्ह्याच्या ऑफिसात गेलं की एकच उत्तर मिळायचं, तांड्याची लोकसंख्या नियमात बसत नाही. नियम मुंबईचा. पुढच्या वेचणीच्या आत तो बदलला नाही तर पोरं पुन्हा धुऱ्यावर.

आता नंदकिशोरविषयी. तो एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून होता. माणूस स्वभावानं इतका मवाळ की भाजीवाल्यानं जास्तीची कोथिंबीर दिली तर तो अवघडून परत द्यायचा. उभ्या नोकरीत त्यानं स्वतःच्या सहीखाली एकच शब्द लिहिला होता, तो म्हणजे ‘सादर’. घरात त्याचा शब्द ‘बघू’. मुलीनं, शाल्मलीनं, पुण्याला शिकायला जाते म्हटलं तेव्हाही तो ‘बघू’ म्हणाला. ती गेली, शिकली, नोकरीला लागली, तरी ह्याचं बघणं चालूच होतं. नायब तहसीलदाराच्या बढतीच्या यादीत त्याचं नाव वर आलं होतं. तेवढी बढती घ्यावी आणि निवृत्त व्हावं, याहून जास्त काही त्यानं आयुष्याकडे मागितलं नव्हतं.

वर्गात तो यायचा ते चहाची किटली घेऊन. पण तालमी सुरू झाल्या आणि कुंदाची पंचाईत झाली. साहेबापुढे बोलायचं कसं याची तालीम करायला साहेब हवा. जो तो खुर्चीवर बसायचा आणि समोरच्याची दया येऊन लगेच हो म्हणायचा. शेवटी वैतागून तिनं नंदकिशोरला किटली खाली ठेवायला सांगितली आणि म्हटलं, अहो, तुम्ही बसा, तुम्ही जन्मभर साहेबच पाहिलेत.

तो बसला, चष्मा नाकाच्या टोकावर आणला, समोरचा कागद वाचू लागला आणि मान वर न करता म्हणाला, “हं, बोला.”

सगळा हॉल सरळ होऊन बसला. कुंदासुद्धा. हा माणूस आपल्या घरात राहतो, यावर तिचा विश्वास बसेना. तो बोलणाऱ्याच्या ऐन वाक्यात नसलेला फोन उचलायचा. ‘प्रस्ताव योग्य मार्गानं येऊ द्या’ म्हणायचा. ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ म्हणायचा. कधी घड्याळ बघायचा, कधी शिपायाला हाक मारायचा, कधी अगदी काहीच न बोलता पेनचं टोपण लावायचा, आणि ते सगळ्यांत वाईट असायचं. ज्या ज्या साहेबांपुढे तो वर्षानुवर्षं उभा राहिला होता ते सगळे एकेक करून त्या खुर्चीत येऊन बसायला लागले. मुकुटबनच्या एका धडधाकट कार्यकर्त्याला तर घाम फुटला. लोक खोखो हसायचे, मग आपली पाळी आली की त्यांचीही तीच गत व्हायची. आणि नंदकिशोर संध्याकाळी रिकामी किटली घेऊन घरी येताना चक्क शीळ घालायचा. लग्नाआधी तो शीळ घालत असे, हे कुंदाला विसरायलाच झालं होतं.

वर्षा पहिल्यांदा खुर्चीपुढे उभी राहिली तेव्हा शामचं सांगता सांगता रडली. साहेबांनी मान न उचलता सांगितलं, बाई, हा विषय आरोग्य खात्याचा. दुसऱ्या वेळी ती चिडली, तेव्हा साहेबांनी तिला शांतपणे दाराबाहेर काढलं. गौरी-गणपती होऊन गेले, शेतात बोंडं धरली, तरी ती दर शनिवारी उभी राहत होती. आणि एका रविवारी, वर्ग संपत आला असताना, तिला ते साधलं. खुर्चीत त्या दिवशी मुंबईचे सचिव होते. तिनं नाल्याचा हातानं काढलेला नकाशा टेबलावर ठेवला. एकच मागितलं. साहेब निधी नाही म्हणाले, तर ती म्हणाली, निधी मागत नाही, अट बदला. साहेब म्हणाले, एका तांड्यासाठी नियम बदलत नसतात. ती म्हणाली, असे किती तांडे आहेत ते तुम्हीच मोजा, आम्ही थांबतो. साहेबांनी फोन उचलला, तर ती फोन खाली ठेवेपर्यंत बोललीच नाही. नंदकिशोरचे सगळे डाव संपले. त्यानं चष्मा काढला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीच्या वेचणीला तुमच्या तांड्यातलं एकही लेकरू धुऱ्यावर बसणार नाही. हे माझ्याकडे लागलं.”

टाळ्या पडल्या. वर्षा हसून खाली बसली. पूनमसिंग मात्र हसले नाहीत. ते उठले, पिशवीतून गुळाचा खडा काढला, मुठीनं फोडला आणि पहिला तुकडा नंदकिशोरच्या हातावर ठेवला. मग वर्षाला दिला, मग सगळ्या वर्गाला. नंदकिशोरला वाटलं, तालीम चांगली झाली म्हणून तोंड गोड करतायत. त्यानं गूळ खाल्ला आणि वर आणखी मागितला.

चार दिवसांनी दिवेलागणीला पूनमसिंग आणि सुखीबाई घरी आले. पाणी घेतलं, चहा घेतला, आणि पूनमसिंगांनी विचारलं, भाऊ, मग कवा निघायचं? नंदकिशोरला कळेना कुठं निघायचं. तेव्हा कळलं. तांड्यात सोयरीक जुळली किंवा तंटा मिटला की पंचांदेखत गूळ खातात. गूळ खाण्याआधी वाटेल तेवढी घासाघीस करा, रुसा, उठून जा. गूळ खाल्ला की शब्द दिला, आणि दिलेला शब्द फिरवता येत नाही. पूनमसिंगांनी तांड्यात जाऊन बैठक बसवून सांगूनही टाकलं होतं, की पुढच्या वर्षीच्या वेचणीचं काम यवतमाळच्या भाऊनं अंगावर घेतलं आहे.

कुंदा कासावीस झाली. तिनं समजावून सांगितलं की ती नुसती तालीम होती, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे साधे कारकून आहेत, यांच्या हातात काही नाही.

पूनमसिंगांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ताई, थे सचिवाचं नाटक होतं, आमाले मालूम हाय. आमी काही येडे नाई. पन सचिव तर तिथं नव्हताच ना. मंग शब्द कोनाचा होता? भाऊचाच होता.” मग म्हणाले, “अन् गूळ बी नाटकाचाच होता का?”

सुखीबाईंनी कप बाजूला सारला. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमी शब्द मांगं घ्या, आमी भांडनार नाई. मी सोता सांगतो तांड्यात. पन मंग तांड्यात तुमाले कोनी पानी इचारनार नाई, येवढंच.”

कुंदा नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या ओठावर आता ‘बघू’ येणार, याची तिला खात्री होती. तिला तो आज हवाही होता. पण नंदकिशोर आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला, डिसेंबरात. नागपूरच्या अधिवेशनात.

पाहुणे गेल्यावर घरात जे भांडण झालं तसं त्या घरात पुन्हा झालं नाही. सरकारी नोकरानं शिष्टमंडळात जायचं नसतं, हे काय कुंदानं सांगायला हवं होतं? बढती तोंडावर आली होती. ती म्हणाली, मी जाते ना त्यांच्याबरोबर, तुम्ही कशाला? तो म्हणाला, गूळ मी खाल्ला. ती म्हणाली, मी लोकांना शिकवत होते, तुम्हाला नाही. बोलता बोलताच तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तिच्या वडिलांचं आवडतं वाक्य होतं आणि ते ऐन वेळी तिच्यावरच येऊन बसलं. भांडण थांबलं, पण तिच्या मनातलं नाही. त्या रात्री दोघं न जेवता झोपली.

डिसेंबरात पहाटेच्या एसटीनं पाचही जण नागपूरला गेले. नंदकिशोरनं किरकोळ रजा टाकली होती आणि लग्नातला कोट घातला होता. रस्तोरस्ती मोर्चे, पोलिसांचे दोर, घोषणा. सुखीबाईंच्या घागऱ्यावरच्या ओढणीचे आरसे उन्हात चमकायचे आणि शहरातली माणसं वळून बघायची. कुंदानं शिकवलेलं सगळं खरं करून दाखवायचा तो दिवस होता. एका आमदाराला तिनं आधीच प्रश्न लावायला सांगितलं होतं, त्याच्याच चिठ्ठीवर आत जायचा पास मिळाला. मंत्र्याकडे जायचं नाही, टिपणी लिहिणाऱ्याकडे जायचं, हे ठरलेलं. टिपणी लिहिणाऱ्या होत्या एक उपसचिव बाई. सर्दीनं बेजार, अंगावर शाल.

आणि सगळं बिघडलं ते इथंच. नंदकिशोरनं तऱ्हेतऱ्हेचे साहेब करून दाखवले होते, पण दयाळू साहेब एकदाही केला नव्हता. त्याला तो भेटलाच नव्हता बिचाऱ्याला. उपसचिव बाईंनी फोन उचलला नाही, घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी वर्षाचं सगळं ऐकून घेतलं, नकाशा हातात घेऊन पाहिला, शामची चौकशी केली, चहा मागवला आणि म्हणाल्या, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे हो, मीसुद्धा आई आहे. नियम जुना आहे, विचार करायलाच हवा. वर्षाचे डोळे भरून आले. सुखीबाईंनी बाईंच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कुंदाचा राग इतका पातळ झाला की तिनं आभार मानले आणि सगळे उठले. दारापर्यंत पोचलेसुद्धा.

एकटा नंदकिशोर खुर्चीवरून उठला नव्हता.

“मॅडम,” तो म्हणाला, “मग टिपणी कधी चढेल?”

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आपण कोण असं विचारलं. कुंदा दारातून वळली. ‘मी यांचा नवरा’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. नंदकिशोर उभा राहिला. त्यानं पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, कार्यालय सांगितलं, आणि रजेवर आहे हेही सांगितलं. बाईंनी त्याचं नाव कागदावर लिहून घेतलं. असं येणं तुम्हाला महागात पडेल हे माहीत आहे ना, त्यांनी विचारलं. आवाज अजूनही मऊच होता.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पण मी या लोकांना शब्द दिलाय. नुसतं खरं आहे म्हटल्यानं फाईल हलत नाही मॅडम, मी जन्मभर त्याच फायली बांधल्यात. ती आज निघाली तर पुढच्या वेचणीपर्यंत पोचेल.”

बाईंनी शालीचं टोक चिमटीत धरलं. मग त्यांनी घंटी वाजवली आणि फाईल मागवली. परतीच्या एसटीत पूनमसिंगांनी सगळ्यांना शेंगदाणे वाटले. नंदकिशोर खिडकीशी बसून वर्ध्यापर्यंत शीळ घालत होता. कुंदाला हसावं की रडावं कळत नव्हतं.

जे व्हायचं ते झालं. जानेवारीत कारणे दाखवा नोटीस आली. बढतीची यादी लागली त्यात त्याचं नाव नव्हतं. उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, तो थेट जिल्ह्याच्या टोकाचा, झरी जामणीकडचा. मुकुटबनला खोली घेऊन तो राहू लागला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. हातानं पोळ्या लाटायला शिकला. तक्रार म्हणून एकदाही केली नाही, आणि नेमका त्याचाच कुंदाला जास्त त्रास व्हायचा. तिचा राग निघाला तो तांड्यावर. गूळ काय, शब्द काय, यांचं काय गेलं? पूनमसिंग दोनदा घरी येऊन गेले, तिनं चहा दिला पण धड बोलली नाही. वर्गही तिनं त्या पावसाळ्यात बंद ठेवला. आणि ज्याच्यासाठी एवढं झालं ती फाईल मुंबईत एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फिरत राहिली. त्या दयाळू बाईंनी आपलं काम केलं होतं, पण पुढे वित्त खातं होतं, त्याच्या पुढे आणखी कुणी. पोळा गेला, दसरा गेला, बोंडं फुटली, शेतं पांढरी झाली. आदेशाचा पत्ता नव्हता.

दिवाळीनंतरच्या शनिवारी नंदकिशोर घरी आला नाही. काम निघालं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. पुढच्या शनिवारीही आला नाही, तेव्हा तिनं झरीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडच्या बाबूनं सांगितलं, त्यांची तर लांब रजा चाललीये मॅडम, साठलेली सगळी टाकली त्यांनी, तुम्हाला माहीत नाही का?

कुंदानं फोन ठेवला आणि पुढची आर्णीची गाडी पकडली. कुठं जायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. वाटभर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, त्यात वाकलेल्या बायका. गाडीत बसून तिनं मनातल्या मनात सगळं मांडून ठेवलं. तिनं स्वतःच शिकवलेल्या पद्धतीनं, पाल्हाळ न लावता, एकच मागणी. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर घरी चला. तो काय काय म्हणेल आणि त्यावर आपण काय म्हणायचं, तेही तिनं ठरवलं होतं.

भर दुपारी ती तांड्यावर पोचली तेव्हा सगळा तांडा रिकामा होता. घरांना कड्या, कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे मोठा कडुनिंब आहे, त्याच्या फांद्यांना साड्यांच्या झोळ्या बांधलेल्या दिसल्या. तुळसाबाई नावाची एक थकलेली म्हातारी एका हातानं दोन दोऱ्या ओढत होती. खाली गोणपाटावर तांड्यातली सगळी लेकरं बसलेली, आणि त्यांच्या मधोमध नंदकिशोर. ऑफिसची पँट, वर बनियन, नाकाच्या टोकावर चष्मा. मांडीवर शाम होता, आणि तो त्याला वरणभाताचा एकेक घास बोटानं मऊ करून भरवत होता. दुसरं एक पोरगं पाठीवरून चढून त्याच्या कानाशी खेळत होतं, त्याचं त्याला भानही नव्हतं.

त्यानं मान वर केली आणि कुंदाला पाहून तो ओशाळला. उठायला गेला, पण मांडीवरचं पोर जागचं हलेना.

“मी वेचणीचा शब्द दिला होता,” तो हळूच म्हणाला. “सरकारचं येईल तेव्हा येईल. तोवर माझी रजा पुरते.”

आदेश आला, हे सांगायला हवं. होळीच्या सुमारास आला, वेचण्या आटोपल्यावर. अट बदलली आणि धावजी नाईक तांड्यालाच काय, बाकीच्याही पुष्कळ तांड्यांना अंगणवाड्या मिळाल्या. उद्घाटनाला मोठी माणसं आली आणि त्यांनी भाषणं केली. नंदकिशोर तेव्हा झरीला टेबलावर होता, आणि अव्वल कारकून म्हणूनच तो निवृत्त झाला. पण त्या वर्षीच्या वेचणीत तांड्यातलं एकही लेकरू धुऱ्यावर बसलं नाही, ते सरकारमुळे नाही.

कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या कुंदाला तेव्हा हे पुढचं काहीच माहीत नव्हतं. ती फक्त त्या माणसाकडे बघत होती. त्याच्या बनियनला बगलेत भोक पडलं होतं, उन्हानं मान काळवंडली होती, आणि लेकराला घास भरवताना आपणही तोंड उघडायची त्याची लकब शाल्मलीच्या लहानपणीची तशीच होती. आई-वडिलांनी ठरवलं म्हणून तिनं या माणसाशी लग्न केलं होतं. इतकी वर्षं त्याच्याबरोबर संसार केला होता, त्याची काळजी घेतली होती, त्याच्यावर चिडली होती, त्याला गृहीत धरलं होतं. प्रेमात पडली ती मात्र त्या दुपारी, पन्नाशी उलटल्यावर, आर्णी तालुक्यातल्या एका रिकाम्या तांड्यात. गाडीत मांडून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

हे त्याला सांगायचं होतं. तिथंच सांगायचं होतं, मग संध्याकाळी बायका शेतातून परतल्यावर, मग घरी गेल्यावर, मग कधीतरी. अख्ख्या जिल्ह्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईला ते एक वाक्य काही जमलं नाही, आणि आता ते ऐकायला तो नाही.

त्या दुपारी झोळीतलं एक तान्हं जागं होऊन रडायला लागलं. तुळसाबाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. कुंदानं पर्स झाडाच्या बुंध्याशी ठेवली, पदर खोचला आणि ते उचलून घेतलं. लेकराला भूक लागली असेल, बघ, नंदकिशोर म्हणाला. तिनं दुधाची वाटी कुठं आहे ते विचारलं.